चौकटीतील बिऱ्हाडे

जबलपुरात घमापुर येथे भाड्याने राहू लागल्यापासून एक गोष्ट आम्हांस नीट उमगली : एका छपराखाली राहणे निराळे आणि एका चुलीवर राहणे निराळे. संगणकावर वेबपृष्ठे दाखविणाऱ्या ब्राउझरास हा भेद अंगी बाणविण्यास सुमारे दोन तपे लागली. त्याचाच हा अल्प इतिहास.

१९९३ साली आलेल्या ‘मोझाइक’ने मजकुरातच चित्र दाखविले. १९९६ साली नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीने पानाचे चौकटींत विभाजन केले, आणि त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीने पानाच्या पोटात स्वतंत्र दस्तऐवज बसविणारी ‘आयफ्रेम’ आणली. पान एकाचे, चौकट दुसऱ्याची, अशी ही सोय होती. एका स्थळाने दुसऱ्याचा मजकूर वाचू नये असा नियमही होता. परंतु सर्वांची कागदपत्रे एकाच पेटीत असत. नियम मोडण्याची युक्ती ज्यास साधली, त्यास पेटी मोकळीच.

२ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या क्रोमने निरनिराळ्या पानांस निरनिराळ्या प्रक्रिया दिल्या. त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची तगून राहू लागली. तथापि पानातील परकी चौकट यजमानाच्याच प्रक्रियेत नांदत राहिली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा दोष उघडकीस आला. प्रोसेसर वेळ वाचविण्यासाठी पुढील कामाचा आगाऊ अंदाज बांधतो. त्या अंदाजाच्या पाऊलखुणांवरून त्याच प्रक्रियेच्या स्मृतीतील गुपिते ताडता येतात, असे दिसून आले. मग केवळ नियमावर विसंबणे अशक्य झाले. त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीने मेजावरील संगणकांत परक्या चौकटींस स्वतंत्र प्रक्रिया दिली. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये तोच मार्ग धरला.

ही व्यवस्था आपणां कारकुनी पेशाच्या मंडळींस सहज समजेल. यजमान पानाच्या नस्तीत परक्या शाखेचे कागद नसतात. असते ती केवळ ‘अमुक नस्ती पाहावी’ अशी चिठ्ठी. मूळ कागद त्या शाखेच्या कपाटात कुलूपबंद. कोणती चौकट कोणाच्या पोटात आहे, याची नोंदवही मुख्य प्रक्रियेपाशी असते. एका चौकटीचा निरोप दुसरीस द्यावयाचा तर तो आवक-जावक बारनिशीतूनच जावा, तसा मध्यस्थामार्फत जातो. अखेरीस चित्र जुळविणारी निराळी प्रक्रिया सर्वांचे तुकडे जोडते, आणि आपणांस एकसंध पान दिसते.

याची किंमत पडतेच. वेगळ्या चुलींस सरपण अधिक लागते. गूगलनेच १० ते १३ टक्के अधिक स्मृती खर्ची पडते असे सांगितले होते. परंतु गावी आईवडिलांस पैसे पाठविताना बँकेचा परवलीचा शब्द आम्ही ज्या चौकटीत लिहितो, तिच्या शेजारी कोणाची जाहिरात बसली आहे हे आम्हांस कोठे ठाऊक असते? मग हा खर्च जड वाटत नाही. परमुलखात राहणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको : शेजाऱ्याशी बोलणे दारातून व्हावे, आणि भिंत मात्र पक्की असावी.