पोशाख-प्रतिकृतींसाठी वस्त्रनिवड : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र

नाटक, चित्रपट, संग्रहालये व ऐतिहासिक सोहळे यांसाठी गतकाळातील पोशाखाची प्रतिकृती शिवताना त्या काळी प्रचारात असलेले तंतू, सूत, वीण व रंग यांच्याशी जुळणारे कापड शोधणे, यास ऐतिहासिक वस्त्रनिवड म्हणता येईल. पोशाखाचा बेत व शिलाई यांचा विचार बहुधा होतो. कापडाचा मात्र क्वचितच होतो. वास्तविक अंगरख्याची चुण, लुगड्याचा घोळ आणि पागोट्याचा पीळ हे सर्वस्वी कापडावर अवलंबून असतात. बेत अचूक असूनही कापड चुकीचे असल्यास पोशाख अंगावर त्या काळासारखा बसत नाही.

एकोणिसावे शतक हे या दृष्टीने सर्वांत अवघड शतक होय. शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील बहुतेक कापड हातसुताचे, हातमागाचे आणि वनस्पतिज रंगांचे होते. शतकाच्या अखेरीस गिरणीचे सूत, गिरणीचे कापड व रासायनिक रंग खेडोपाडी पोहोचले होते. त्यामुळे ‘जुन्या काळचे कापड’ अशी एकच कल्पना करून चालत नाही; दशक ठरविल्याशिवाय कापड ठरविता येत नाही.

स्थित्यंतराचे टप्पे : विलायती सूत १८२० नंतर भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले व त्याचा पहिला आघात घरोघर सूत कातणाऱ्या स्त्रियांच्या मिळकतीवर झाला. विणकर मात्र तेच सूत घेऊन आपल्या मागावर विणीत राहिला. म्हणून शतकाच्या मध्यास हातमागाचे कापड म्हणजे हातसुताचे कापड, असे समीकरण मांडता येत नाही. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापूस-गिरणीची स्थापना केली. सोलापूरची पहिली गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली.

या बदलास लोहमार्गाने गती दिली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून पुढे वाढत गेलेला मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. सोलापूर जिल्ह्यातील (करमाळा तालुका) जेऊर हे याच मार्गावरील स्थानक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) भारतीय कापसास मागणी आली, तेव्हा लोहमार्गावरून कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि परतीच्या वाटेने सूत व थानाचे कापड येऊ लागले. पुढे १८७६–७८ च्या दुष्काळात ग्राहकाची क्रयशक्ती संपली आणि विणकरांवर उपासमारीची पाळी आली. जेऊरच्या परिसरातील शेतकरी कुटुंब १८४५ मध्ये दाखवावयाचे असेल, तर धोतर, लुगडे व पागोटे जाड्याभरड्या हातमागाच्या कापडाचे असावयास हवे. तेच कुटुंब १८९० मध्ये दाखविताना पुरुषाच्या अंगात गिरणीच्या मांजरपाटाची बंडी दाखविणे चूक नाही. उलट त्या वेळी सर्वांना खादी नेसविणे, हाच कालविपर्यास ठरतो.

सूत व वीण : सुताचा जाडेपणा सूतांकाने मोजतात. एक पौंड वजनाच्या सुतात ८४० यार्ड लांबीच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा सूतांक. अर्थात सूतांक जितका मोठा तितके सूत बारीक. देशी कापसाचा तंतू आखूड असल्याने सामान्य हातसूत जाड व कमीअधिक पिळाचे असे. अशा कापडाच्या पृष्ठभागावर गाठी व जाड-बारीक रेषा दिसतात, तर गिरणीचे सूत सारखे असते. तथापि बाजारात मिळणारे, मुद्दाम गाठी पाडून यंत्रावर विणलेले कापड या कामी उपयोगाचे नाही. त्यातील गाठी ठराविक अंतराने पुन्हापुन्हा येतात व जाणकाराच्या चटकन लक्षात येतात.

हाताने फेकावयाच्या धोट्यामुळे कापडाचा पन्हा विणकराच्या दोन हातांच्या आवाक्याइतकाच राही. धावत्या धोट्याचा माग महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. तेव्हा शतकाच्या पूर्वार्धातील अंगरखा मोठ्या पन्ह्याच्या कापडातून बेतल्यास त्यातील जोड व कळ्या नाहीशा होतात. कापड अरुंद असल्यामुळेच हे जोड आवश्यक होते व त्यांतूनच अंगरख्याचा घेर सिद्ध होई. मोठ्या पन्ह्याचे कापड घ्यावे लागल्यास ते आधी उभे फाडून अरुंद करून घ्यावे व मग बेतावे.

कापडाचा झळझळीतपणा हीही कालनिर्णायक खूण आहे. जॉन मर्सर याने दाहक सोड्याची प्रक्रिया १८५० मध्ये स्वामित्वाधिकृत केली; परंतु सूत ताणून धरून त्यास रेशमासारखी चकाकी आणण्याची रीत १८९० च्या सुमारास प्रचारात आली. कृत्रिम रेशीम म्हणून ओळखले जाणारे व्हिस्कोज विसाव्या शतकात बाजारात आले. नायलॉन व पॉलिएस्टर ही तर त्याहून पुढची अपत्ये. दुधासारखा निळसर पांढरेपणा आणणारी शुभ्रकारके दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची आहेत. म्हणून आजचे शुभ्र सुती धोतर हे एकोणिसाव्या शतकातील धोतरापेक्षा फार पांढरे दिसते. कोरे, खळ न काढलेले कापड घेऊन ते वारंवार धुऊन उन्हात वाळविणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

रंग : १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन याने मॉव्ह हा पहिला कृत्रिम रंग तयार केला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील ॲलिझरीन प्रयोगशाळेत बनविले गेले व अल्पावधीतच ते स्वस्त झाले. कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर १८९७ मध्ये आली. यावरून एक साधा नियम निघतो. १८६० पूर्वीच्या पोशाखात भडक जांभळा किंवा किरमिजी-गुलाबी रासायनिक रंग नसावा. १८७५ नंतरचा लाल ॲलिझरीनचा असू शकतो. निळा मात्र शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत वनस्पतिज निळीचाच असावा.

देशी रंगद्रव्यांत आल (सुरंगी) व मंजिष्ठ यांपासून तांबडा, निळीपासून निळा, हळद व पळसफुलांपासून पिवळा आणि हिरडा व लोहद्राव यांपासून काळा रंग मिळे. तांबडा पक्का करण्यासाठी तुरटी वापरीत. निळीच्या रांजणात चुना व टाकळ्याचे बी घालून ती आंबवीत. करडईच्या पाकळ्यांतून कुसुंबी रंग काढीत. सोलापूर जिल्ह्यात करडईचे पीक प्रामुख्याने तेलासाठी घेतले जाते. तिच्या रंगाचा उपयोग मात्र लोप पावला. कुसुंबी रंग उन्हाने व साबणाने लवकर उडतो. त्यामुळे रोजच्या वापरातील कुसुंबी वस्त्र फिकट दाखविणे, हेच वास्तवास धरून होय.

पोशाखनिहाय कापड : बाराबंदी व अंगरखा यांसाठी मध्यम वा बारीक सुती कापड घ्यावे, बटणांऐवजी बंद वा कापडी घुंड्या असाव्यात. श्रीमंतांच्या अंगरख्यासाठी मलमल, किनखाब किंवा मश्रू (ताणा रेशमी व बाणा सुती असलेले साटण विणीचे कापड) योग्य. बनात हे लोकरी कापड विलायतेहून येई. चोळीसाठी खण, आणि लुगड्यासाठी आठ वा नऊ वारी इरकली किंवा तत्सम काठाचे सुती कापड घ्यावे. पैठणीचा पदर हाताने गुंफलेला असल्याने दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रावरील नकलेच्या उलट बाजूस सुटे धागे लोंबतात. जर चांदीची व सोन्याचा मुलामा दिलेली असे. आजच्या प्लॅस्टिक पट्टीच्या जरीची चमक वेगळी व थंड असते. घोंगडी दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली व चिंचोक्याची खळ दिलेली असावी. सोलापुरी चादरीचा नामोल्लेख जुन्या देखाव्यांत सर्रास होतो; परंतु जॅकार्ड मागावरील ही चादर विसाव्या शतकातील निर्मिती आहे.

कापडाचा सामाजिक अर्थ : त्या काळी कापड हे विचारांचे वाहनही होते. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (१८२८–८०) यांनी १८७२ मध्ये खादी वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच वेषात उपस्थित राहिले. किनखाब व मखमलीच्या त्या सभेत जाडी पांढरी खादी हेच त्यांचे निवेदन होते. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) हे १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सत्कारसमारंभास शेतकऱ्याच्या वेषात गेले व रयतेची खरी अवस्था त्यांनी राजपुत्रासमोर मांडली. हे प्रसंग रंगभूमीवर आणताना स्वच्छ, इस्त्री केलेले तलम कापड वापरल्यास प्रसंगाचा आशयच नाहीसा होतो. याउलट गोविंद बल्लाळ देवल यांच्या शारदा (१८९९) या नाटकातील पात्रे त्या काळच्या मध्यमवर्गातील आहेत. त्यांच्या अंगावर गिरणीचे कापड व रासायनिक रंग शोभतात.

साधने : जे. फोर्ब्स वॉटसन याने १८६६ मध्ये भारतीय कापडाचे ७०० नमुने प्रत्येकी १८ खंडांत चिकटवून त्यांचे २० संच तयार केले. ब्रिटिश कारखानदारांना भारतीय आवड-निवड कळावी, हा त्यामागील हेतू होता. जे नमुने विणकराच्या मुळावर आले, तेच आज त्याच्या कसबाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरले आहेत. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथील संग्रह तसेच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्यावरील खंड (१८८४) हेही उपयुक्त आहेत.

छायाचित्रांचा उपयोग सावधपणे करावा. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशास संवेदनशील व तांबड्यास जवळजवळ अंध होत्या. परिणामी तांबडे लुगडे छायाचित्रात काळे, तर निळे वस्त्र फिकट दिसते. छायाचित्रावरून रंग ठरविणाऱ्याची यामुळे हमखास फसगत होते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या चित्रांतून नेसण्याची ढब व कापडाचा पोत कळतो. मात्र चित्रासाठी निवडलेली उंची वस्त्रे सर्वसामान्यांची समजू नयेत.

संग्रहालयांत प्रामुख्याने श्रीमंतांची वस्त्रे टिकली आहेत. त्यांतीलही अनेक जरीवस्त्रे चांदी मिळविण्यासाठी जाळली गेली. गरिबाचे कापड झिजेपर्यंत वापरले जाई व शेवटी गोधडीत जाई. म्हणून जुन्या गोधडीचे आतील थर हे ग्रामीण वस्त्राचे दुर्मिळ संग्रहच होत. ती उसवू नये. कडा, फाटलेल्या जागा व टाके यांतून दिसणाऱ्या थरांचे निरीक्षण करून नोंद घ्यावी.

कापडाची परीक्षा : खरेदीपूर्वी कडेचे दोन धागे काढून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळून मऊ राख राहते. रेशीम व लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते. संमिश्र कापडात ही लक्षणे एकत्र आढळतात. शिवण्यापूर्वी कापड भिजवून आटवून घ्यावे. शिलाईयंत्र १८५० नंतरचे असल्याने पूर्वार्धातील पोशाखाची निदान दर्शनी शिलाई हातानेच करावी.

हातसुताचे कापड महाग व दुर्मिळ असल्याने काही तडजोड अटळ असते. अशा वेळी तंतू प्रथम, वीण व पन्हा त्यानंतर आणि रंगद्रव्य शेवटी, असा प्राधान्यक्रम ठेवावा. कारण रंगाची छटा जुळविता येते, परंतु कृत्रिम तंतूचा घोळ सुती कापडासारखा पडत नाही. जेथे तडजोड केली असेल तेथे प्रतिकृतीच्या नोंदपत्रात कापड, रंग व शिलाई यांचा स्पष्ट निर्देश करावा. सामान्य माणसाचे मूळ वस्त्र बहुधा उरलेले नसते. पुढील पिढीस प्रतिकृतीच तेवढी दिसणार असते, व नोंदीअभावी तिच्यातील चूक हाच पुरावा मानला जाण्याचा धोका असतो.