एका घराची चाल

मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना पहिल्याच चालीत तुम्ही प्यादं दोन घरं टाकता ना? लातूरला माझ्या आजोबांच्या पटावर ही सोय नव्हती. प्यादं कायम एकच घर सरकायचं. कॅसलिंग नाही, शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी. नांदेडचे पाहुणे आले की याच नियमांनी रात्र सरायची.

नियम एवढासा, पण त्यानं डावाची सगळी सुरुवातच बदलते. प्यादी दोन घरं धावली की पटाच्या मधोमध लगेच मारामारी जुंपते. एकेक घर सरकली तर फौजा भिडायला वेळ लागतो. मग घोडा बाहेर काढा, त्याच्यामागचं प्यादं एक घर सरकवा, मोकळ्या घरात उंट बसवा. तिथून त्याची नजर पटाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचते. मध्य समोरच्याला घेऊ द्यायचा आणि नंतर फोडायचा. (इथे 'गनिमी कावा' म्हणायचा मोह होतो. आवरतो, कारण पुढची गोष्ट बंगालची आहे.)

देशी आणि विलायती नियमांची गाठ आपल्याकडे लवकर पडली. तिरुवेंगडाचार्य शास्त्रींचं युरोपियन पद्धतीच्या बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ सालीच छापलं गेलं. पण त्यात भर आहे तो निवडक पेचांवर, सुरुवातीवर नाही.

सुरुवात सापडते कलकत्त्यात. तिथे जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी विलायती नियमांनी शेकडो डाव खेळला. महेशचंद्र देशी खेळात मुरलेले. नियम बदलले, पण हाताचं वळण तेच राहिलं. १८५५ च्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी त्यांनी घोडा एफ-६, प्यादं जी-६, प्यादं डी-५ आणि उंट जी-७ अशी मांडणी केली. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं ती १९२२ मध्ये मोठ्या स्पर्धांत आणली, आणि ॲपवर आज तिचं नाव 'ग्रुनफेल्ड डिफेन्स' आहे.

ग्रुनफेल्डनं काही चोरलं नाही. त्यानं अभ्यास करून ती रुजवली. मला खटकतं ते वेगळंच. 'किंग्ज इंडियन', 'क्वीन्स इंडियन' या नावांत आपला देश आला, माणूस मात्र आला नाही.

लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली पोरं ओपनिंगच्या पंधरा-पंधरा चाली घडाघडा म्हणतात. त्यांनी कॉक्रेन-महेशचंद्र हा १८५५ चा डाव एकदा पटावर मांडावा. ग्रुनफेल्डचा माहीत असलेला सगळ्यात जुना डाव तोच आहे.