बीदर–कलबुर्गी सीमाभागातील वैरणीचा इतिहास : हरभऱ्यापासून लसूणघासापर्यंत

प्रस्तावना :
दख्खनच्या इतिहासात किल्ले, मदरसे व लढाया यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्या घोड्यांवर सैन्य चालले व ज्या बैलांवर शेती उभी राहिली, ती जनावरे काय खात होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात बीदर व कलबुर्गी (2014 पूर्वीचे गुलबर्गा) या सीमावर्ती जिल्ह्यांतील वैरणीच्या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

बहमनी काळ : घोडा आणि हरभरा
इ.स. 1347 मध्ये गुलबर्ग्यास स्थापन झालेल्या बहमनी सल्तनतीची राजधानी अहमदशहाच्या कारकिर्दीत (1422–1436) बीदरला आली. या राज्याचे सामर्थ्य घोडदळावर अवलंबून होते आणि उत्तम घोडे अरबस्तान व इराणकडून समुद्रमार्गे येत. रशियन प्रवासी अफनासी निकितीन हाही इ.स. 1470 च्या सुमारास एक घोडा विकण्यासाठीच होर्मुझमार्गे चौलला उतरला आणि जुन्नरहून बीदरला पोहोचला. या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल व म्हशी पैदा होतात, असे त्याने नमूद केले आहे. घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य व खिचडी चारतात, हेही तो सांगतो. आपला घोडा त्याने वर्षभर पोसला व नाताळच्या सुमारास विकला. त्यासाठी आलेला खर्च त्याने 68 'फुतून' असा लिहून ठेवला आहे. व्यापाऱ्याचा नफा चाऱ्यात कसा खर्ची पडे, याचा हा बोलका पुरावा होय.

बीदरपासून बारा कोसांवरील आळंदच्या वार्षिक बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असेही निकितीन लिहितो. शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ भरणारा हा बाजार दहा दिवस चाले. वीस हजार हा आकडा ऐकीव मानला, तरी इतक्या जनावरांसाठी दाणा व गवत पुरवणारी शेती या परिसरात होती, एवढा निष्कर्ष निश्चित निघतो. पुढे मराठा अमलात 'घासदाणा' हे एका कराचेच नाव झाले. राज्यकर्त्यांना वैरणीचे मोल किती होते, हे त्यावरून ध्यानात येते.

लसूणघास : नावातील इतिहास
लसूणघासाचे मूळ इराण व मध्य आशियात आहे. त्याचे जुने फारसी नाव 'अस्पस्त' असून 'अस्प' म्हणजे घोडा. हेच पीक अरबांमार्फत स्पेनला पोहोचले व तेथे 'अल्फाल्फा' या नावाने रूढ झाले. बीदरमध्ये इराणी विद्वान आले, महमूद गवानाने 1472 मध्ये मदरसा उभारला, नौबादजवळ इराणी पद्धतीचे करेज खोदले गेले. मग घोड्याचे हे गवतही त्याच वेळी आले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भाषेची साक्ष वेगळी आहे. मराठीतील 'लसूणघास' हे 'लुसर्न' या इंग्रजी नावाचेच बोलीतील रूप मानले जाते, आणि त्याचे दुसरे नाव 'विलायती गवत' असे आहे. फारसी नाव येथील शेतकऱ्याच्या बोलीत उरलेले नाही. यावरून, हे पीक आजच्या शेतीत इंग्रजी अमलाच्या वाटेने आले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

देवणी, कडबा आणि नवी पिके
घोडदळ संपले, बैल मात्र राहिला. या भागाचा देवणी गोवंश शेतकाम व दूध या दोन्हींसाठी नावाजलेला आहे. त्याचा आधार होता ज्वारीचा कडबा व गावचे गायरान. 1930 च्या दशकात मोहोळ येथे निवडलेली मालदांडी (एम 35-1) ज्वारी धान्याइतकीच कडब्यासाठी पेरली जाई. 1964 मध्ये सीएसएच-1 हे संकरित वाण आले. त्याने धान्य वाढले, पण ताट आखूड झाले. त्यानंतरच्या दशकांत बीदरकडे सोयाबीनचा पेरा वाढला व कलबुर्गीत तुरीचे वर्चस्व राहिले. तुरीचे भुसकट जनावरे खातात, परंतु ते कडब्याची जागा घेऊ शकत नाही.

येथेच लसूणघासाचे महत्त्व येते. त्याच्या शुष्क भागात सुमारे 18 ते 20 टक्के प्रथिने असतात, तर कडब्यात ती जेमतेम 3 ते 4 टक्के. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पेरल्यास पहिली कापणी सुमारे दोन महिन्यांनी व पुढील कापण्या दर महिन्याला मिळतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आरएल-88 हे बहुवर्षीय वाण तीन-चार वर्षे टिकते. पण त्याला बारमाही पाणी लागते, अमरवेलीचा उपद्रव होतो, आणि कोवळा ओला घास एकटाच चारल्यास जनावराचे पोट फुगते. म्हणून तो कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच द्यावा लागतो. सारांश, विहीर असलेल्या शेतकऱ्याला घास परवडतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार कडबाच राहतो.

सीमारेषा आणि चारा
1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले व उर्वरित बीदरचा बहुतांश भाग म्हैसूरला जोडला गेला. देवणीचे मूळ क्षेत्र अशा रीतीने दोन राज्यांत विभागले गेले. नाव देणारे देवणी गाव आज लातूर जिल्ह्यात आहे, तर या वंशाचे संशोधन बीदर येथे 2004 मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाकडेही आहे. टंचाईच्या वर्षी चारा बाहेर नेण्यास मनाई करणारे आदेश दोन्ही बाजूंना निघतात. सोयरीक व बाजार एक, पण कडब्याच्या गाडीला सीमा, अशी स्थिती तेव्हा निर्माण होते.

निष्कर्ष :
या भागात वैरण हा कधीही केवळ शेतीचा विषय नव्हता. व्यापार, कर, भाषा व प्रशासन यांच्याशी तो जोडलेला होता. आज ज्वारीचे क्षेत्र व गायराने घटत असताना कडब्याच्या प्रती, गवतांची स्थानिक नावे व चारा साठवण्याच्या रीती जाणणारी वडीलधारी पिढीही कमी होत आहे. सीमाभागातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून मराठी, कन्नड व दखनी या तिन्ही भाषांतील ही माहिती गावोगाव नोंदवून घेतल्यास दख्खनच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण पूर्ण होईल, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीचा विचार करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.