लाघवाचा खेळ



गोल्फ ह्या स्कॉटलंडच्या खेळांत निकालाचा हिशेब आपल्या ओळखीच्या खेळांच्या अगदीं उलट असतो. क्रिकेटमध्यें धांवा जितक्या अधिक तितकी शाबासकी मोठी. गोल्फमध्यें मात्र चेंडू ठरलेल्या बिळांत पोंचवितांना फटके जितके थोडे तितका खेळाडू श्रेष्ठ. संगणकाला काम सांगणाऱ्या लोकांनीं १९९९ च्या सुमारास आपल्या एका खेळाला हेंच नांव दिलें. काम एकच ठरवावयाचें. तें करवून घेणारी आज्ञावली प्रत्येकानें लिहावयाची. आणि जिचीं अक्षरें सर्वांत कमी भरतील तिच्या कर्त्याला विजयी म्हणावयाचें, असा तो खेळ. नांव नवें असलें तरी खेळ पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा जन्म मुळीं खेळ म्हणून झालाच नाहीं. तो दारिद्र्यांतून झाला.

केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स ह्यांच्या देखरेखीखालीं बांधलेलें एड्सॅक नांवाचें गणकयंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें, आणि त्यानें शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांचे वर्ग छापून दाखविले. ह्या यंत्राची स्मृति पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांत होती. विजेचा संकेत ध्वनिलहरीच्या रूपानें नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावयाचा, तेथून त्याला पुन्हां पहिल्या टोकाशीं आणून सोडावयाचें, आणि असें अखंड फिरत राहणें हेंच त्याचें स्मरण. अशा जागा ५१२. आजच्या एका साध्या छायाचित्राला याच्या हजारों पट जागा लागते. कागदी पट्टीवर भोंकें पाडून दिलेली आज्ञावली वाचून घ्यावी, हें देखील अशा यंत्राला आधीं कोणी तरी शिकविलें पाहिजे. तें शिकविणाऱ्या आज्ञा, टेलिफोनच्या केंद्रांत असतात तसल्या फिरत्या स्विचांवर, तारांनीं कायमच्या बांधून टाकल्या होत्या. डेव्हिड व्हीलर ह्या तरुण विद्यार्थ्यानें तें सारें काम ३१ आज्ञांत बसविलें. त्याच वर्षीं त्यानें ती रचना बदलली, आणि आधीं लिहून ठेवलेले आज्ञांचे तुकडे स्मृतींत कोठेंही बसवितां यावे अशी सोय तींत घातली. तेव्हां आज्ञा झाल्या ४१. येथें स्पर्धा कोणाशींच नव्हती. प्रतिस्पर्धी काय तो जागेचा तुटवडा.

काटकसरीची हौस झालेली पाहावयाची तर अटलांटिक ओलांडून अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या शिक्षणसंस्थेंत गेलें पाहिजे. तेथें विद्यार्थ्यांचें एक खेळण्यांतल्या रेल्वेचें मंडळ होतें. मंडळाचे दोन तट. एका तटाला छोटे डबे, छोटीं स्टेशनें, डोंगर आणि झाडें रंगविण्यांत रस. दुसरा तट रुळांखालच्या अंधारांत, टेलिफोनच्या जुन्या रिलेंचें जाळें विणण्यांत गढलेला. ह्या दुसऱ्या तटाच्या हातीं १९५८ नंतर टीएक्स-झीरो नांवाचें गणकयंत्र लागलें. लिंकन प्रयोगशाळेनें तें बांधलें होतें, आणि तेथें त्याला ६५,५३६ शब्दांची स्मृति होती. संस्थेकडे देतांना ती काढून घेऊन ४,०९६ शब्दांची देण्यांत आली. एक शब्द म्हणजे शून्य किंवा एक अशीं अठरा घरें. प्रारंभीं तर त्या यंत्राला मूळ आज्ञा चारच कळत. परंतु त्याचा एक गुण असा होता कीं त्यापुढें विद्यार्थ्याला स्वतः बसतां येई. संस्थेंतील आय. बी. एम. चें मोठें यंत्र म्हणजे जणूं देवळाचा गाभारा. पत्ते पुजाऱ्याच्या हातीं द्यावे आणि निकालाची वाट पाहावी. टीएक्स-झीरोपुढें रात्री दोन वाजतां बसावें, एक आज्ञा काढावी, चालवून पाहावें, चुकलें तर पुन्हां घालावी. घासूनपुसून लहान करण्याची चैन अशाच ठिकाणीं परवडते. ह्या कापाकापीला तीं मुलें ‘बम’ करणें असें म्हणत.

त्यांच्या ह्या चढाओढींतला एक डाव स्टीव्हन लेव्ही ह्या लेखकानें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदविला आहे, आणि तो थोडा तपशिलानें सांगण्यासारखा आहे. यंत्राच्या पोटांत संख्या द्विमान पद्धतीनें राहते. ती माणसाला वाचतां यावी म्हणून दशमानांत छापावयाची, एवढेंच काम. सर्वांना सुचणारी रीत अशी, कीं १०, १००, १००० अशा दहाच्या घातांचें एक कोष्टक स्मृतींत ठेवावें आणि मोठ्या घातापासून वजाबाकी करीत खालीं यावें. ३४७ मधून शंभर तीनदां जातात, म्हणून ३ छापावे, उरल्या ४७ मधून दहा चारदां जातात, म्हणून ४, राहिले ७. रीत बिनचूक, परंतु कोष्टकाला जागा लागते. उलट दहानें भागीत गेलें तर कोष्टक नको, पण अंक उफराटे, एककाकडून, बाहेर पडतात: आधीं ७, मग ४, मग ३. छापणारें यंत्र तर डावीकडून उजवीकडेच चालणार! म्हणून कोष्टकावांचून गत्यंतर नाहीं, असेंच सर्व जण धरून चालले होते. महिनोन्‌महिने खपून त्यांतले तरबेज खेळाडू पन्नास आज्ञांच्या आसपास येऊन पोंचले आणि तेथें अडले.

मग मेन प्रांतांतून आलेल्या एका उंच, अबोल तरुणानें फळ्यावर एक कागद लावला. त्यांत कोष्टक नव्हतें. अंक उलट्या क्रमानेंच निघत, पण कांहीं विलक्षण हातचलाखीनें छापले मात्र सुलट क्रमानें जात. आज्ञा मोजल्या तर ४६. त्यामागचें गणित बाकीच्यांना कळलें तें तो कागद वाचल्यावरच, आणि त्यानंतर कांहीं दिवस तीं बडबडी मुलें गप्प गप्प होतीं, असें म्हणतात.

ह्या हकीगतींत मला ४६ ह्या आंकड्याइतकाच तो फळा महत्त्वाचा वाटतो. जिंकणाऱ्यानें आपली युक्ति कुलपांत ठेवली नाहीं. सर्वांच्या डोळ्यांसमोर लावली. आज्ञावलींच्या पट्ट्या यंत्राजवळच्या खणांत पडलेल्या असत आणि हवी ती कोणींही घेऊन सुधारावी अशी चाल होती. नांवाला ते एकमेकांविरुद्ध खेळत होते. वास्तविक पाहतां एकच लेख अनेक हातांनीं कापला जात होता.

असल्या खेळाला विरोधकही तसाच तोलामोलाचा मिळाला. १९७२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्तानें बोस्टन शहरीं दिलेल्या व्याख्यानांत एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या डच पंडितांनीं ह्या नादाचा चांगलाच समाचार घेतला. एक जण एका ओळीची आज्ञावली दुसऱ्याच्या मेजावर आणून ठेवतो आणि याहून कमी चिन्हांत करून दाखव म्हणून आव्हान देतो; जणूं चिन्हांच्या संख्येला विचाराच्या दृष्टीनें कांहीं किंमत आहे! जी भाषा असल्या चतुराईला आमंत्रण देते तिच्यावर याहून मोठा ठपका तो कोणता, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आज्ञावली माणसाला वाचतां आली पाहिजे, तिच्या खरेपणाची खात्री पटविता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

त्यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? ऐंशी रकान्यांच्या पत्त्यांच्या काळांत सालाचे चार अंकांऐवजीं दोनच अंक लिहिण्याची जी रीत पडली, ती जागा स्वस्त झाल्यावरही तशीच चालू राहिली, आणि २००० साल जवळ येतांच जगभरच्या जुन्या आज्ञावली तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. त्या निस्तरण्याच्या कामाचा बराच भाग आपल्या देशांतील, मुंबई-पुण्यांतीलही, तरुणांनीं केला. मी स्वतः शाळेंत गणित शिकवितांना दोन ओळींत उदाहरण सोडविणाऱ्या मुलांचे गुण ‘रीत दाखविली नाहीं’ म्हणून कापलेले आहेत. उत्तर बरोबर असे. आज त्या कापलेल्या गुणांविषयीं मला तितकीशी खात्री वाटत नाहीं, तरी तपासणाऱ्याला रीत दिसली पाहिजे हें मत अजून सुटलेलें नाहीं.

आपल्याकडील वैयाकरणांची आठवण येथें व्हावी हें साहजिकच आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सुमारें ४,००० सूत्रें आहेत, आणि शेवटचें सूत्र तर अवघ्या दोन अक्षरांचें. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, ही प्रसिद्ध उक्ति परिभाषेन्दुशेखरांतली. त्याचे कर्ते नागोजीभट्ट काळे हे काशींत राहिलेले महाराष्ट्रीय, आणि त्या ग्रंथाचें संपादन व इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील कीलहॉर्न ह्यांनीं केलें. तथापि ह्या आनंदाचें मोल आपण विसरतों. त्या लाघवापायीं पतंजलीला महाभाष्याएवढा ग्रंथ रचावा लागला. सूत्र जितकें आखूड तितकें भाष्य लांब, हा व्यवहार संगणकाच्या आज्ञावलींनाही सुटलेला नाहीं.

परंतु आखूडपणा हाच युक्तिवाद झाला, असाही एक प्रसंग आहे. १९७७ सालीं एम. आय. टी. तच रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्या तिघांनीं गुप्तलेखनाची एक रीत शोधून काढली होती. तींतलें कुलूप लावण्याची किल्ली सर्वांना वाटून टाकतां येते, उघडण्याची मात्र एकट्याजवळ राहते. अमेरिकेच्या कायद्यानें अशा बळकट गुप्तलेखनाची गणना शस्त्रास्त्रांत केली होती, आणि परवान्यावांचून तें देशाबाहेर धाडणें हा गुन्हा होता. १९९५ सालीं इंग्लंडांतील ॲडम बॅक ह्या तरुणानें ही सबंध रीत पर्ल नांवाच्या भाषेंत कांहीं थोड्या ओळींत लिहिली. मोठ्या संख्यांचें गणित त्यानें युनिक्स यंत्रणेंत आधींच असलेल्या ‘डीसी’ नांवाच्या हिशेबनिसाकडे सोंपविलें होतें. विजेच्या पत्राखालीं सहीच्या जागीं चार ओळींपेक्षां अधिक मजकूर घालूं नये असा शिष्टाचार होता. तेव्हां ही आज्ञावली सहींत बसली पाहिजे म्हणून इतर अनेक जण तिच्या मागें लागले. कोणीं एक अक्षर काढलें, कोणीं दोन. ती तीन ओळींवर आली, पुढें दोन ओळींवर. मग ती सदऱ्यांवर छापली गेली. तो सदरा अंगांत घालून विमानांत बसणारा प्रवासी शस्त्रांची निर्यात करतो कीं काय, हा प्रश्न त्या सदऱ्यानेंच विचारला! तीच गोष्ट हजार ओळींची असती तर ती सदऱ्यावर मावली नसती आणि प्रश्नही उभा राहिला नसता. १९९६ च्या अखेरीस हा विषय शस्त्रांच्या यादींतून बहुतांशीं काढून व्यापारखात्याकडे देण्यांत आला. त्याचें श्रेय दोन ओळींना देणें भाबडेपणाचें होईल. त्यामागें न्यायालयांतले खटले होते, व्यापाऱ्यांची निकड होती. पण कायदा कशावर बंदी घालूं पाहतो आहे, हें सामान्य माणसाला त्या ओळींनीं दाखविलें खरें. २००१ सालीं एम. आय. टी. तील दोघांनीं चित्रपटांच्या डीव्हीडीवरील कुलूप उघडणारी आज्ञावली ४७२ बाइटांत लिहिली, तिचा रोखही असाच होता.

आतां एक शंका राहते. ४६ ही शेवटची पायरी, हें त्या मुलांनीं कशावरून मानलें? त्याहून आखूड रचना नसेलच हें कोण सांगणार? १९६५ सालीं रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव ह्यांनीं, आणि त्याच सुमारास अमेरिकेंत सोलोमोनॉफ व चाइटिन ह्यांनीं स्वतंत्रपणें, सर्वांत आखूड आज्ञावलीची लांबी ही गणिताची वस्तु मानून तिचा विचार केला. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा, कीं कोणतेंही काम दिलें असतां त्याची किमान लांबी सांगेल अशी सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं. त्याचें मर्म एका जुन्या कोड्यांत आहे. ‘शंभर अक्षरांच्या आंत जिचें वर्णन करतां येत नाहीं अशी सर्वांत लहान संख्या’ असें आपण म्हणतों. पण हें म्हणतांना तिचें वर्णन शंभर अक्षरांच्या आंतच होऊन जातें! किमान लांबी सांगणारें यंत्र असतें, तर त्याला वापरून असाच विरोध प्रत्यक्ष घडवून आणतां आला असता. म्हणून ह्या खेळांत विक्रम असतो. शेवट सहसा हातीं लागत नाहीं.

स्मृतीचा तुटवडा केव्हांच संपला, तरी डाव संपले नाहींत. २०२५ सालीं गूगलतर्फे ह्या खेळाची एक मोठी संघस्पर्धा झाली. रंगीत चौकटींचीं ४०० कोडीं. एका चित्राचें दुसरें चित्र कोणत्या नियमानें होतें तें ओळखावयाचें आणि तो नियम पायथन भाषेंत शक्य तितका आखूड लिहावयाचा. प्रत्येक कोड्याला २,५०० मधून बाइटांची संख्या वजा करून गुण. म्हणजे एक बाइट कमी केला कीं एक गुण अधिक. येथें संघ कां करावा हें हिशेबानेंच दिसतें. दोन संघ एक झाले, कीं प्रत्येक कोड्याला दोघांपैकीं ज्याची आज्ञावली आखूड तिचीच निवड होते. दोघेही आपल्या एकेकट्या बेरजेच्या पुढें जातात. मग एकाची युक्ति दुसऱ्याच्या कोड्याला लागू पडते, आणि पुन्हां चारशें कोडीं पहिल्यापासून चाळावीं लागतात. परीक्षक यंत्र उत्तर बरोबर आहे कीं नाहीं तें पाहतें आणि बाइट मोजतें. त्याहून आखूड उत्तर आहे कीं नाहीं, तें त्यालाही ठाऊक नसतें.