राखीव जागेची कुळकथा

ग्रामीण कारभारात स्त्रियांचा शिरकाव कायद्याने प्रथम झाला तो स्वीकृत सदस्य म्हणून. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये पंचायत समितीवर दोन स्त्रिया स्वीकृत करून घ्याव्यात, असे सुचवले. महाराष्ट्राच्या 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यातही, एकही स्त्री निवडून न आल्यास एक-दोघींना नेमण्याची सोय होती. सोय फारच तोकडी. नेमलेल्या बाईच्या पाठीशी मतदार नसत, त्यामुळे सभेत तिच्या शब्दाला वजन नसे.

स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने 1974 च्या अहवालात बहुमताने विधिमंडळातील राखीव जागांना नकार दिला. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार या सदस्यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

खरा जोर आला तो शेतकरी बायकांकडून. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला प्रचंड संख्येने बायका जमल्या आणि स्थानिक निवडणुका लढवण्याचा विचार पुढे आला. जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1979 नंतर थेट 1992 मध्ये झाल्या. पण 1989 च्या ग्रामपंचायत निवडणुकांत जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिला पॅनेल निवडून आले. तेव्हा 73 वी घटनादुरुस्ती व्हायची होती.

महाराष्ट्राने 1990 मध्ये 30 टक्के जागा राखल्या. 24 एप्रिल 1993 पासून 73 व्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक तृतीयांश जागा आणि तितकीच अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. निम्म्या जागांचा निर्णय बिहारने 2006 मध्ये, महाराष्ट्राने 2011 मध्ये घेतला.

महाराष्ट्रात कोणत्या गावचे सरपंचपद महिलेसाठी, हे सोडतीने ठरते: तालुक्याच्या ठिकाणी सर्वांसमक्ष चिठ्ठ्या डब्यात टाकतात आणि बहुधा एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून उचलतात. महिला सरपंचाला ऊठसूट खाली खेचता येऊ नये म्हणून, पद महिलेसाठी राखीव असल्यास अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश सदस्यांची मते लागतात. फिरत्या आरक्षणाचा घाव मात्र या तरतुदीने चुकत नाही. पाच वर्षांत कारभार शिकलेल्या बाईची जागा पुढच्या सोडतीत खुली होते आणि तिथे तिला उमेदवारी क्वचितच मिळते. ती देणे पक्षांच्या आणि गावपुढाऱ्यांच्या हाती आहे. त्यांनी ती द्यायला हवी.