ठेवायचा, विकायचा की जाऊ द्यायचा?

कॅटफिश हंटर या बेसबॉलच्या पिचरशी (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी) ओकलंड ॲथलेटिक्सने 1974 साठी एक लाख डॉलरचा करार केला होता. त्यातले 50 हजार पगार म्हणून द्यायचे आणि उरलेले 50 हजार हंटर सांगेल त्या विमा कंपनीत त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी गुंतवायचे, असं त्यात लिहिलं होतं. संघाचा मालक चार्ली फिनली याने सही केली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की या 50 हजारांवर त्या वर्षी आपल्याला करसवलत मिळणार नाही. त्याने पैसे भरलेच नाहीत. फिनली स्वतः विम्याच्या धंद्यातून श्रीमंत झालेला माणूस होता, हे इथे सांगितलंच पाहिजे.

हंटर तेव्हा अमेरिकेतल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक होता. त्या मोसमात त्याने 25 सामने जिंकले, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि ओकलंडने लागोपाठ तिसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकली. त्याची तक्रार लवाद पीटर साइट्ससमोर गेली. डिसेंबरमध्ये निकाल आला : मालकाने करार मोडला, म्हणून खेळाडू मोकळा. काही दिवसांतच नॉर्थ कॅरोलिनातल्या अहॉस्की या छोट्याशा गावी हंटरच्या वकिलाच्या कचेरीबाहेर संघमालकांची आणि त्यांच्या माणसांची रीघ लागली. 31 डिसेंबरला न्यूयॉर्क यांकीजनी त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तोही सुमारे 35 लाख डॉलरचा. याहून मोठे आकडेही त्याच्यासमोर ठेवले गेले होते.

या आकड्याने सगळ्यांचे डोळे उघडले. एक लाखाच्या खेळाडूची खुल्या बाजारातली किंमत वर्षाला सात लाखांच्या घरात होती. मग इतकी वर्षं बाकीचा पैसा जात कुठे होता?

उत्तर जुनं होतं. 1879 मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपापसांत गुपचूप ठरवलं, की प्रत्येक संघाने पाच खेळाडू ‘राखून’ ठेवायचे आणि राखलेल्या खेळाडूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाचाचे अकरा झाले, मग चौदा, आणि पुढे सगळा संघच राखीव झाला. करारात हे एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यात असे : खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर संघाला जुना करार आणखी एक वर्ष वाढवता येईल. वाढवलेल्या करारातही तेच वाक्य असल्याने ते ‘एक वर्ष’ कधी संपतच नसे. आपल्याकडच्या सालगड्याला, अंगावर उचल नसेल तर, निदान पाडव्याला दुसरा मालक धरता येई. बेसबॉलच्या खेळाडूला तेवढीही मुभा नव्हती. संघ त्याला विकू शके, बदलून देऊ शके, काढून टाकू शके. त्याला मात्र फक्त खेळ सोडता येई.

कोर्टाचा आधारही मालकांनाच होता. 1922 मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी सुप्रीम कोर्टाचा निकाल लिहिला, की बेसबॉलचे सामने म्हणजे राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू नाही. गाड्या भरभरून संघ या राज्यातून त्या राज्यात जात असताना दिलेला हा निकाल पुढे पन्नास वर्षं कुणी हलवू शकलं नाही. सेंट लुईस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड याने प्रयत्न केला. 1969 मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं गेलं. त्याने बेसबॉलचा कमिशनर बोवी क्यून याला पत्र लिहून नकार कळवला आणि 90 हजारांची नोकरी सोडून कोर्टात गेला. 1972 मध्ये तो 5 विरुद्ध 3 असा हरला, आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती.

खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला अर्थतज्ज्ञ होता. त्याने कोर्टाबाहेरचा दुसरा रस्ता काढला होता. 1970 च्या सामूहिक करारात त्याने तक्रारी तटस्थ लवादाकडे नेण्याचा हक्क मिळवून घेतला. मालकांना ती मामुली सवलत वाटली. हंटर तिच्याच जोरावर सुटला. पण त्याच्या बाबतीत मालकाची चूक झाली होती. खरा घाव 1975 मध्ये बसला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ आणि माँट्रियलचा डेव्ह मॅकनॅली यांनी त्या वर्षी नव्या करारावर सहीच केली नाही. वाढवलेलं एक वर्ष संपलं आणि त्यांनी विचारलं, आता आम्ही कुणाचे? 23 डिसेंबर 1975 ला साइट्सने उत्तर दिलं : कुणाचेच नाही. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मालकांनी साइट्सला लगेच कामावरून काढलं, कोर्टात धाव घेतली, तिथे हरले, मार्च 1976 मध्ये सरावाची मैदानं बंद ठेवून पाहिली आणि शेवटी वाटाघाटींना बसले.

इथून ओकलंडची गोष्ट रंगते, कारण या निकालाचा अर्थ सगळ्यात आधी कळला तो फिनलीलाच.

फिनली हा विक्षिप्त माणूस. तो शिकागोत बसून फोनवर संघ चालवी. संघाला हिरवा-सोनेरी गणवेश आणि पांढरे बूट त्याने दिले, शुभचिन्ह म्हणून एक खेचर पाळलं, मिशा वाढवणाऱ्या खेळाडूंना 300-300 डॉलर दिले, नारिंगी रंगाचा चेंडू वापरून पाहिला. ओकलंडमधला स्टॅन्ली बरेल नावाचा पोरगा त्याने हाताशी धरला आणि मैदानावर काय चाललंय ते त्याच्याकडून फोनवर ऐकलं. हाच मुलगा पुढे एमसी हॅमर या नावाने रॅप गायक म्हणून गाजला. जिमी हंटरला ‘कॅटफिश’ हे नावही फिनलीनेच दिलं आणि त्यामागे बालपणीची एक बनावट गोष्टही चिकटवून दिली. व्हायडा ब्लू या तरुण पिचरने 1971 मध्ये सगळे पुरस्कार लुटले तेव्हा त्याचा पगार होता 14,750 डॉलर. पुढच्या वर्षी त्याने वाढ मागितली, तेव्हा फिनली अडून बसला आणि ब्लू मोसमाच्या सुरुवातीचे काही आठवडे खेळलाच नाही. संघ सतत जिंकत होता आणि खेळाडू मालकाला सतत शिव्या घालत होते.

असा हा माणूस 1976 च्या वाटाघाटींत बाकी मालकांना सांगत होता, की सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा. बाजारात एकदम सहाशे खेळाडू आले की भाव आपोआप कोसळतील. बाकीच्यांनी हसून सोडून दिलं. मिलरने नंतर कबूल केलं, की मालक ही सूचना मान्य करतील याचीच त्याला धास्ती होती. मिलरला हवं होतं ते नेमकं उलटं : दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे व्हावेत, म्हणजे त्यांच्यासाठी चढाओढ होईल. जुलै 1976 मध्ये तडजोड झाली, की सहा वर्षं मोठ्या लीगमध्ये काढली की खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे मोकळा. मालकांना वाटलं, आपण सहा वर्षं वाचवली. खरं तर त्यांनी टंचाई विकत घेतली होती. खेळाडूचा सरासरी पगार 1975 मध्ये 45 हजारांच्या आत होता, 1980 मध्ये तो 1 लाख 43 हजारांवर गेला.

फिनलीला बाजार कळला, पण स्वतःची माणसं कळली नाहीत. त्याच्या मुख्य खेळाडूंपैकी बहुतेकांनी 1976 च्या करारावर सही केली नव्हती. मोसम संपताच ते जाणार हे उघड होतं. बाजारभाव देऊन त्यांना बांधून घ्यायची त्याची तयारी नव्हती. म्हणून 2 एप्रिलला त्याने पहिला डाव टाकला. रेजी जॅक्सन आणि केन होल्ट्झमन बाल्टिमोरला दिले, बदल्यात डॉन बेलर, माइक टोरेझ आणि पॉल मिचेल घेतले. जाणारच आहे तो, तर जाण्याआधी काहीतरी मिळवा.

15 जूनला, अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी, त्याने दुसरा डाव टाकला, आणि तो रोख पैशांचा. जो रूडी आणि रॉली फिंगर्स बॉस्टन रेड सॉक्सला प्रत्येकी 10 लाख डॉलरला विकले. ब्लू यांकीजना 15 लाखांना. ब्लूचा भाव जास्त, कारण विकण्याआधी फिनलीने त्याच्याकडून तीन वर्षांच्या करारावर सही घेतली होती. योगायोगाने बॉस्टनचा संघ त्या दिवशी ओकलंडमध्येच होता. रूडी आणि फिंगर्स सामान उचलून समोरच्या संघाच्या खोलीत गेले आणि बॉस्टनचे कपडे घालून बसले. सामन्यात मात्र त्यांना उतरवलं नाही.

तीन दिवसांनी कमिशनर क्यूनने तिन्ही विक्र्या रद्द केल्या. बेसबॉलच्या हितासाठी, असं कारण दिलं. फिनलीने त्याला जाहीरपणे गावचा वेडा म्हटलं आणि एक कोटी डॉलरचा दावा ठोकला, जो तो पुढे हरला. पण त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. बेसबॉलमध्ये खेळाडू रोखीने विकणं ही नवी गोष्ट नव्हती. बेब रूथला बॉस्टनने यांकीजना विकलंच होतं. आणि हाच ॲथलेटिक्स संघ फिलाडेल्फियात असताना 1914 नंतर कॉनी मॅकने आपला विजेता संघ असाच मोडला होता. एडी कॉलिन्सला त्याने 50 हजारांना विकलं आणि 1915 मध्ये संघ 109 सामने हरून तळाला गेला. तेव्हा कुणाला बेसबॉलचं हित आठवलं नाही. शिवाय क्यूनच्या निर्णयाने ओकलंडचं काय भलं झालं? फिनलीच्या हातचे 35 लाख गेले, आणि खेळाडूही राहणार नव्हतेच. त्या पैशातून त्याने नवे खेळाडू घेतले असते की खिसा भरला असता, हा वेगळा प्रश्न. दुसरीच शक्यता अधिक वाटते.

चिडलेल्या फिनलीने परत आलेल्या तिघांना खेळवायचंच नाही असं फर्मान काढलं. सुमारे दोन आठवडे संघ तीन माणसं कमी घेऊन खेळला. शेवटी बाकीच्या खेळाडूंनी संपाची धमकी दिली तेव्हा तो नमला. त्या वर्षी ओकलंड आपल्या गटात दुसरा आला, कॅन्सस सिटीच्या फक्त अडीच सामन्यांनी मागे.

नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोकळ्या खेळाडूंची पहिली निवड झाली आणि ओकलंडचं घर रिकामं झालं. रूडी आणि बेलर कॅलिफोर्निया एंजल्सकडे, फिंगर्स आणि जीन टेनेस सॅन डिएगोला, साल बँडो मिलवॉकीला, बर्ट कॅम्पनेरिस टेक्सासला. कुणाच्याही बदल्यात एक खेळाडू मिळाला नाही. बाल्टिमोरचाही रेजी एका मोसमातच सुटला आणि सुमारे 30 लाखांना यांकीजकडे गेला. तिथे हंटर होताच, आणि दोघांनी 1977 आणि 1978 च्या वर्ल्ड सिरीज जिंकल्या. ओकलंड 1977 मध्ये गटात शेवटचा आला, त्याच वर्षी जन्मलेल्या सिॲटल मरिनर्सच्याही खाली. 1979 मध्ये संघ 108 सामने हरला आणि एप्रिलमधल्या एका सामन्याला जाहीर झालेली प्रेक्षकसंख्या होती 653. पुढच्या वर्षी फिनलीने 1 कोटी 27 लाख डॉलरला संघ विकून टाकला.

बदलून द्या, विका, दीर्घ करारात बांधा किंवा जाऊ द्या : फिनलीने एका वर्षात हे चारही मार्ग हाताळले, आणि ज्याला खरा खर्च होता तो दीर्घ कराराचा मार्ग फक्त ब्लूपुरता. पुढच्या मालकांनी पाचवा मार्गही शोधला, कुणीच कुणाचा खेळाडू घ्यायचा नाही असं संगनमत करण्याचा. 1987 मध्ये आंद्रे डॉसनसारख्या खेळाडूला शिकागो कब्जकडे रकमेची जागा कोरी ठेवून सही केलेला करार द्यावा लागला. कब्जनी 5 लाख लिहिले आणि त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही बनवाबनवी लवादापुढे उघडी पडली आणि 1990 मध्ये मालकांना 28 कोटी डॉलर भरावे लागले.

टिकला तो गेलेल्या खेळाडूच्या बदल्यात भरपाई घेण्याचा मार्ग. 1981 मध्ये त्यावरूनच मोसमाच्या ऐन मध्यावर सुमारे 50 दिवसांचा संप झाला होता. पुढे भरपाई म्हणून संघाला नवी मुलं निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधली जादा पाळी मिळे. जाणाऱ्याला कसं अडवायचं याइतकाच, तो गेल्यावर काय हाती येईल, हा हिशेब महत्त्वाचा झाला. आणि तो सगळ्यात काटेकोरपणे मांडला तो पुन्हा ओकलंडनेच. 2001 च्या अखेरीस जेसन जियाम्बी 12 कोटींना यांकीजकडे आणि जॉनी डेमन बॉस्टनकडे गेला. ओकलंडने त्यांच्यासाठी तेवढे पैसे मोजले नाहीत. पुढच्या मोसमात संघाने 103 सामने जिंकले, आणि डेमनच्या भरपाईत बॉस्टनकडून मिळालेल्या पाळीवर निक स्विशर नावाचा मुलगा निवडला.

स्विशर फिरत फिरत यांकीजकडे पोचला. 2012 मध्ये त्याची मुदत संपली तेव्हा नवा नियम आला होता : संघाने आपल्या खेळाडूला ठरलेल्या दराने एका वर्षाचा प्रस्ताव द्यायचा, आणि त्याने तो नाकारला तरच भरपाई मिळायची. तो दर होता 1 कोटी 33 लाख डॉलर. त्या वर्षी नऊ जणांना प्रस्ताव गेले, नऊही जणांनी नाकारले. स्विशर क्लीव्हलंडला गेला आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या 32 व्या पाळीवर यांकीजनी 2013 मध्ये ॲरन जज निवडला.

जजची सहा वर्षं 2022 च्या मोसमाअखेर भरणार होती. मोसम सुरू होण्याआधी यांकीजनी त्याला सात वर्षांसाठी 21 कोटी 35 लाख डॉलर देऊ केले. तो नाही म्हणाला, आणि त्या मोसमात 62 होमरन मारून अमेरिकन लीगचा 1961 पासूनचा विक्रम मोडला. डिसेंबरमध्ये यांकीजनी त्याला ठेवला, नऊ वर्षांसाठी, 36 कोटींना.