पाहणी आधी, यादी नंतर
ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि दादरच्या शिवाजी पार्कभोवती जी जुनी घरे उभी आहेत, ती साधारण एकाच काळाची आणि एकाच वळणाची आहेत. गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवरून लांबवर धावणारे छज्जे, जिन्याच्या बाजूने उभी चढत जाणारी जाळी, असे मुंबईच्या आर्ट डेको शैलीचे सारे अलंकार दोन्हीकडे दिसतात. २०१२ साली हे दोन्ही परिसर सरकारी कागदावर आले. ओव्हलचा परिसर जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला आणि ३० जून २०१८ रोजी, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह एकूण ९४ वास्तूंना युनेस्कोची मान्यता मिळाली. शिवाजी पार्कचे नाव मुंबईच्या वारसा यादीच्या मसुद्यात आले, तेव्हा मात्र विरोधाला उभे राहिले ते तिथलेच रहिवासी. घरांच्या गुणवत्तेने या फरकाचा उलगडा होत नाही. परिसर आधी कोणी पाहिला, मोजला आणि त्याचे मोल कोणी ठरवले, या प्रश्नापासून सुरुवात केली तरच तो होतो.

सुटी इमारत नव्हे, तर आख्खा परिसर जपावा, ही कल्पना ब्रिटनने १९६७ मध्ये आपल्या कायद्यात आणली. तिथल्या आजच्या कायद्यात एक कलम आहे: अशा परिसराच्या जतनाचे प्रस्ताव पालिकेने त्याच भागातल्या जाहीर सभेपुढे ठेवले पाहिजेत. ऑक्सफर्डच्या पालिकेने पुढे रहिवाशांच्या हाती पाहणीचा तक्ताच दिला. इमारती, मोकळ्या जागा आणि झाडेच नव्हेत, तर रस्त्यावरचे आवाजही त्यात नोंदवायचे होते. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू केली, आणि भारतात असे करणारे ते पहिले शहर. सहाशेहून अधिक नोंदींच्या त्या यादीत वारसा परिसरही होते. यादीमागे इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थांचे कष्ट होते आणि त्या कष्टांचे ऋण मुंबईने मानलेच पाहिजे. पण त्या घरांत राहणाऱ्याला आपल्याकडच्या प्रक्रियेत जागा मिळाली ती शेवटी. मसुदा प्रसिद्ध होतो, ‘सूचना व हरकती’ मागवल्या जातात आणि मुदत सुरू होते. म्हणजे कायदा रहिवाशाला पहिल्यांदा भेटतो तो हरकतदार म्हणून. ज्याला फक्त हरकत घेण्याची जागा दिली, त्याने हरकतच घेतली तर दोष त्याचा कसा?

शिवाजी पार्कला हे विशेष लागू पडते, कारण तो परिसर योजनेतूनच घडलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या त्याच्या योजनेत रस्त्यांची रुंदी, घरांमधली मोकळी जागा आणि मजल्यांची मर्यादा आखून दिलेली होती. १९२५ चे माहीम पार्क नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये शिवाजी पार्क झाले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या. मैदानाभोवतीचा कट्टा ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची बैठक. इतके असूनही २०१२ मध्ये लोकांना ‘वारसा’ या शब्दात ऐकू आले ते एवढेच की आता पुनर्विकास थांबणार. भीती निराधार नव्हती. साठ-सत्तर-ऐंशी वर्षांच्या इमारती, लिफ्टवाचून जिने चढणारी वयस्कर माणसे, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी आणि म्हणून दुरुस्तीला हात आखडणारे मालक. चटईक्षेत्राच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद नियमावलीत होती. पण गळक्या छताखाली बसलेल्याला ती कोणी घरी येऊन समजावून सांगितली नव्हती. मसुद्याआधी पाहणी रहिवाशांना बरोबर घेऊन झाली असती, तर काय जपायचे याबरोबरच जपणे कोणाला किती परवडेल, हेही तिच्यात उतरले असते.

ओव्हलला क्रम उलटा होता. नव्वदच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी दुरवस्थेतल्या मैदानासाठी न्यायालयात धाव घेतली आणि पुढे त्याची देखभाल अंगावर घेतली. मैदान सांभाळताना त्याच्या काठावरच्या घरांकडे पाहायची नजर तयार झाली. जागतिक वारशासाठीही ओव्हल-कूपरेजच्या रहिवासी संघटनेने आणि काळा घोडा असोसिएशनसारख्या संस्थांनी राज्य सरकारला बरोबर घेऊन वर्षानुवर्षे नेट लावला. दस्तऐवज संवर्धन वास्तुविशारदांनी लिहिला, आणि ते योग्यच झाले. इमारतीचा काळ आणि शैली ठरवणे हे जाणकारांचेच काम. पण कोणत्या गॅलरीला काच लागली, कोणते फाटक बदलले, संध्याकाळी मुले कुठे खेळतात, ही माहिती तज्ज्ञाच्या एका फेरीत हाती लागत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की ओव्हलची माणसे सधन, त्यांना हे जमले, बाकीच्यांचे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि गिरगावची खोताची वाडी त्याची साक्ष देते. वाडीतल्या लोकांनी आपला वारसा ओळखला, संस्था काढली, पाहुण्यांना गल्ल्या हिंडवून दाखवल्या. तरीही मूळच्या सुमारे ६५ घरांपैकी निम्मीसुद्धा उरली नाहीत. पण यावरून रहिवाशांची पाहणी फोल ठरत नाही. तिला नगररचनेच्या निर्णयात वजन नसले, तर पुनर्विकासाच्या नफ्यापुढे ती टिकत नाही, एवढेच ठरते. पैशाचे बळ ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी तर हे वजन कायद्यातूनच यायला हवे. दुसरा आक्षेप स्वार्थाचा: रहिवासी आपल्या सोयीचेच लिहितील. लिहितील, काही जण नक्कीच. म्हणूनच पाहणी म्हणजे मतदान नव्हे. तो पुरावा आहे. नकाशावर, छायाचित्रासह, कोणालाही जागेवर जाऊन पडताळता येईल असा. निर्णय पालिकेचाच राहील. आणि एकट्या कार्यालयाचा कागद तरी निर्दोष कुठे असतो? २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या चुका लोकांनीच दाखवल्या आणि एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. हजारो हरकतींमध्ये जे ज्ञान त्या वर्षी वाहून गेले, ते नकाशा आखण्याआधी मागितले असते, तर ते हरकत न होता नोंद झाले असते.

२०१६ पासून आर्ट डेको मुंबई ही संस्था शहरभरच्या अशा इमारतींची एकेक करून नोंद करते आहे, आणि तिच्या दप्तरात शिवाजी पार्कच्या घरांनाही जागा आहे. तिथे पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक घराबरोबर ती नोंद पालिकेच्या टेबलावर उघडली जावी, अशी सक्ती करणारे कलम मात्र राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात नाही.